फट

मंगळवारी न्याहारीनंतर
घर सात सेंटिमीटर वर उचललं.
चार जॅक, दोन तुळया आणि उर्मस सुतार,
जो दर वळशाला थांबून
भिंतीला कान लावायचा.
घर करकरलं, मग गप्प बसलं.
खालचा सडका ओंडका आम्ही हातांनीच उपसला,
दुधात भिजलेल्या काळ्या पावासारखा.

लग्न मी पाहिलं होतं करून.
घर मात्र एन्देलच्या आजोबांनी बांधून ठेवलेलं,
या बेटावर, समुद्राकडे पाठ करून.
माझ्या वाट्याला आलं ते उसवणं.

भिंतींचे कागद सोलले.
निळी फुलं, त्याखाली तपकिरी रेघा,
त्याखाली जुनी वर्तमानपत्रं:
बटाट्याच्या उत्पादनाचे आकडे, कोणाचं तरी लांबलचक भाषण,
भाषणाच्या मधोमध खिळा.
सासूबाई स्टुलावर बसून वाचत राहिल्या.
"सगळं खोटं," म्हणाल्या,
"पण वारा अडवला बिचाऱ्यानं."

नव्या दोन खोल्यांच्या भिंतींतही रद्दीच भरली,
दळून, कापसासारखी पिंजून.
आता निदान ती कोणाला वाचावी लागणार नाही.

दीर आला होता गाडीत फोमच्या पाट्या घालून.
दोन दिवसांत काम, म्हणाला, आणि निम्म्या पैशांत.
उर्मसनं रंधा खाली ठेवला.
"लाकडाला घाम येतो, काल्यू.
रेनकोट घालून झोपतोस का तू?"
दीर पाट्या घेऊन परत गेला,
जाताना दोन बरण्या लोणचं घेऊन.

खिडक्या मिळाल्या बंद पडलेल्या शाळेतल्या.
एका काचेवर कोणीतरी खिळ्यानं नाव कोरलंय,
अर्धंच.
बाई आल्या असाव्यात वर्गात.

माती तळ्यामागची.
तीत वाळू, बारीक चिरलेला बोरू,
आणि माझे पाय, साठीतले का होईना.
जुलैभर मी गुडघ्यापर्यंत चिखलात,
आणि पाकोळ्या आमच्याच घमेल्यातून
चोचभर चोचभर उचलून
गोठ्याच्या आढ्याला आपलंही वाढीव बांधकाम करत होत्या.
हिशेबात तेवढी तूट धरली.

हिशेब तसा बसलाच नाही.
जवसाचं तेल महाग, ओंडके त्याहून.
एन्देलनं बोट विकली.
त्याबद्दल आम्ही बोलत नाही.

आणि मग ते दार.
सासूबाईंच्या खोलीचं दार
चाळीस वर्षं नीट लागत नव्हतं,
घर तिकडून खचलेलं म्हणून.
तळहाताएवढी फट राहायची.
आता ते लागलं, खट्‌ आवाज करून,
आणि उर्मसला इतका आनंद झाला
की त्यानं ते सहा वेळा लावून दाखवलं.

तिसऱ्या पहाटे सासूबाई स्वयंपाकघरात,
अंगावर शाल, चूल थंड.
"झोप नाही?"
"ऐकू येत नाही."
"कानाचं यंत्र—"
"यंत्र ठीक आहे गं.
तू रात्री पाणी प्यायला उठतेस ते ऐकू येत नाही.
मांजर येतं-जातं ते ऐकू येत नाही.
कोण घरात आहे, कोण नाही,
मी काय भिंतीला विचारू?"

उर्मस काही बोलला नाही.
बर्चची एक पाचर तासली त्यानं,
पॉलिश केली, तेल पाजलं,
आणि आयुष्यभराच्या पाणसळीला शरमेनं खिशात घालून
दाराखाली सारली.

सप्टेंबरात ताव्ही आला फिनलंडहून,
अकरा वर्षं दुसऱ्यांची जहाजं जोडून,
बायको, चार पेट्या आणि जुळ्या मुली घेऊन.
मी त्याला भिंतींची जाडी सांगत होते,
किती लाकूड वाचेल हिवाळ्यात, ते सांगत होते.
तो मान हलवत होता, बुटांसकट उभा.

धाकटीनं मात्र कोणालाच विचारलं नाही.
नव्या खोल्या ओलांडून ती सरळ गेली
त्या दारापाशी,
पोटावर पालथी पडली,
फटीला डोळा लावला,
आणि खुदकन हसली.

आतून कोणीतरी
स्टूल ओढून
खाली वाकत होतं.